उत्तरेकडील अरण्य आणि त्याचे चित्रकार

कोणत्याही देशांतील डोंगर, नद्या व अरण्यें तेथील लोकांच्या डोळ्यांसमोर सदैव असतात. परंतु डोळ्यांसमोर असणें निराळें आणि दिसणें निराळें. लोक पिढ्यान् पिढ्या एखाद्या भूमीवर नांदतात, तिच्यांतून धान्य व लांकूड काढतात, तिच्यावरून आगगाड्या नेतात, आणि तरीही रमणीय देखावा कोणता असें विचारलें तर परक्या देशांतील चित्रांकडे बोट दाखवितात. आपल्या भूमीचें रूप आपणांस दाखविण्यास कवि किंवा चित्रकार यावा लागतो. आणि तो आला तरी प्रथमतः त्याचें म्हणणें कोणास पटत नाहीं. कॅनडा देशाच्या चित्रकलेचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील इतिहास हें या गोष्टीचें उत्कृष्ट उदाहरण होय. पॅरिस व फ्लॉरेन्स येथील चित्रकारांचीं नांवें आमच्या सुशिक्षित घरांतील मुलांसही ठाऊक असतात. अरण्यांत होडी वल्हवीत हिंडणाऱ्या आणि लांकडाच्या वीतभर फळ्यांवर रंग चढविणाऱ्या या मंडळींची तितकी ओळख आमच्या वाचकांस असेलच असें नाहीं. ती करून द्यावी, आणि तिच्या अनुषंगानें एका अवघड प्रश्नाचाही विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या भूमीचा परिचय करून घेऊं. कॅनडाचा फार मोठा भाग ज्या पुरातन खडकानें व्यापलेला आहे त्यास भूस्तरशास्त्रज्ञ ‘ढाल’ असें म्हणतात. पृथ्वीवरील अत्यंत जुन्या खडकांपैकीं तो एक आहे. हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड थरांनीं त्याच्यावरची माती खरवडून नेली. खडक उघडा पडला आणि त्याच्या खळग्यांत पाणी सांचून असंख्य सरोवरें झालीं. येथें नांगर चालत नाहीं. खडकाच्या भेगांत पाइन व स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष कसेबसे मूळ धरतात. माती थोडी अधिक असेल तेथें मेपल आणि भूर्ज उगवतात. हा भूर्ज आपल्या भूर्जपत्राच्या वृक्षाचाच सगोत्र. त्याच्या सालीच्या हलक्या होड्या करून तेथील मूळ रहिवासी शतकानुशतकें या सरोवरांतून फिरत आले. या होडीस कॅनू म्हणतात. एक माणूस ती खांद्यावर उलथी घेऊन एका सरोवरापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाऊं शकतो. शरदृतूंत मेपलचीं पानें शेंदरी व रक्तवर्ण होतात. पुढें सारें अरण्य पिंगट पडतें, मग दीर्घ हिंवाळा येतो, आणि वसंतांत बर्फ फुटून पाणी पुन्हां मोकळें होतें. टोरोंटो शहराच्या उत्तरेस सुमारें अडीचशें किलोमीटरांवर अशा प्रदेशाचा एक भाग १८९३ सालीं राखून ठेवण्यांत आला व त्यास ‘अल्गॉन्क्विन’ हें तेथील मूळ लोकांचें नांव देण्यांत आलें. आज त्याचें क्षेत्र साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. आमच्या कथेचा बराचसा भाग याच ठिकाणीं घडला.

कॅनडाचें संघराज्य १८६७ सालीं स्थापन झालें. १८८० सालीं राष्ट्रीय चित्रशाळेचा आरंभ झाला. १८८५ सालीं पूर्वेकडील शहरांस पश्चिम किनाऱ्याशीं जोडणारा लोहमार्ग पुरा झाला. राज्य झालें, चित्रशाळा झाली, आगगाडी झाली. परंतु त्या राज्याची भूमि चित्रांत दिसावयाची होती. मॉन्ट्रिऑलच्या धनिकांच्या दिवाणखान्यांत हॉलंडच्या चित्रकारांचीं धूसर चित्रें टांगलेलीं असत: ओलसर आकाश, कुरणांतील गाई, करड्या रंगाचा संधिप्रकाश. लुशियस ओब्रायनसारख्या चित्रकारांनीं देशांतील देखावे काढले नव्हते असें नाहीं. त्याचें सॅग्वेने नदीवरील सूर्योदयाचें चित्र १८८० सालचें असून तें खरोखर नाजूक हातानें काढलेलें आहे. परंतु त्यांतला सौम्य, धुक्यानें गाळलेला प्रकाश युरोपीय पद्धतीचा आहे. उत्तरेकडील राकट अरण्याविषयीं तर अशी समजूत रूढ होती कीं, जेथें शेत नाहीं, देऊळ नाहीं, भग्न किल्ला नाहीं, तेथें चित्राचा विषयच नाहीं.

ही समजूत ज्यांनीं मोडली ते बहुतेक पोटासाठीं जाहिरातींचीं चित्रें काढणारे लोक होते. टोरोंटोंत ‘ग्रिप’ नांवाची एक कंपनी होती. ती छपाईचे ठसे, जाहिराती, सूचीपत्रें वगैरे तयार करी. तेथें जे. ई. एच्. मॅक्डोनल्ड हा इंग्लंडांत जन्मलेला, शांत व वाचनप्रिय गृहस्थ मुख्य आरेखक होता. आर्थर लिस्मर, फ्रेडरिक व्हार्ली, फ्रँक जॉन्स्टन व फ्रँकलिन कार्माइकेल हे सर्व कमीअधिक काळ याच कंपनींत होते. रविवारीं व सुटीच्या दिवशीं ही मंडळी शहराबाहेर जाऊन चित्रें काढीत. त्यांस लॉरेन हॅरिस हा एका श्रीमंत यंत्रकारखानदाराच्या घराण्यांतील तरुण येऊन मिळाला. जानेवारी १९१३ मध्यें हॅरिस व मॅक्डोनल्ड सीमा ओलांडून बफेलो शहरीं गेले. तेथें स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क येथील समकालीन चित्रांचें प्रदर्शन भरलें होतें. बर्फानें वांकलेल्या फांद्या, गोठत असलेलें पाणी, उत्तरेचा तिरपा प्रकाश असे विषय स्वीडनच्या गुस्ताफ फ्येस्तादनें व इतरांनीं कसलीही क्षमायाचना न करतां मांडले होते. हे विषय तर आपल्या दाराशींच आहेत, हें या दोघांच्या ध्यानांत आलें. या भेटींतून त्यांस मुख्यतः मिळाला तो धीर. रीत त्यांची त्यांनींच पुढें शोधून काढली.

परंतु ज्याच्यामुळें अरण्य त्यांच्या चित्रांत खऱ्या अर्थानें शिरलें तो पुरुष निराळाच होता. टॉम टॉम्सन याचा जन्म ५ ऑगस्ट १८७७ रोजीं ऑन्टारियो प्रांतांत झाला. बालपण ह्यूरन सरोवराच्या एका उपसागराकांठीं लीथ या खेड्यांत गेलें. यंत्रशाळेंत उमेदवारी, मग व्यापारी शिक्षण, मग अमेरिकेंत सिॲटल येथें ठसे कोरण्याची नोकरी, असें करीत वयाच्या तिशीनंतर तो ग्रिप कंपनींत आला. चित्रकलेचें पद्धतशीर शिक्षण त्यास जवळजवळ मिळालेंच नाहीं. १९१२ च्या मे महिन्यांत तो प्रथम अल्गॉन्क्विनच्या अरण्यांत गेला, आणि तेथून पुढें त्याचें आयुष्य त्या अरण्याचें झालें. त्याचें ‘उत्तरेकडील सरोवर’ हें चित्र १९१३ सालीं प्रांतिक सरकारनें २५० डॉलरांस विकत घेतलें. डॉ. जेम्स मॅक्कॅलम या नेत्रवैद्यानें त्यास व मॉन्ट्रिऑलहून आलेल्या ए. वाय्. जॅक्सन यास एक वर्षाचा खर्च देऊं केला. एखाद्या नेत्रवैद्यानें आपल्या देशबांधवांच्या दृष्टीवर याहून मोठा उपचार केल्याचें आम्हांस तरी ठाऊक नाहीं. हॅरिस व मॅक्कॅलम यांनीं १९१४ सालीं टोरोंटोंत चित्रकारांसाठीं एक इमारत बांधविली. पॅरिसमध्यें शिकून आलेल्या जॅक्सननें तिच्यांत टॉम्सनला रंगांचे तुटक फटकारे शेजारीं शेजारीं ठेवून प्रकाश कसा उत्पन्न करावा हें दाखविलें. टॉम्सननें त्यास अरण्याची वाट दाखविली. पुढें त्याच इमारतीमागील एका लांकडी खोपटांत महिना १ डॉलर भाड्यानें टॉम्सन राहूं लागला.

त्याचा जीवनक्रम असा असे. बर्फ फुटण्याच्या सुमारास तो अरण्यांत जाई व पुन्हां बर्फ पडूं लागेपर्यंत तेथेंच राही. उपजीविकेसाठीं तो मासे धरावयास येणाऱ्या हौशी लोकांचा वाटाड्या होई, किंवा वणवा राखण्याची नोकरी धरी. होडींत तंबू, शिधा, मासे धरण्याची काठी आणि रंगांची पेटी. या पेटींत सुमारें साडेआठ इंच रुंद व साडेदहा इंच लांब फळ्या बसत. ओली फळी दुसरीस न लागेल अशी खांचेची सोय असे. अशा फळीवर एका बैठकींत चित्र पुरें करावयाचें, कारण ढग थांबत नाहीं, आणि माशा व डांस तर चित्रकारासही थांबूं देत नाहींत. अशीं सुमारें चारशें लहान चित्रें त्यानें पांचसहा वर्षांत काढलीं. १९१७ च्या वसंतांत बर्फ वितळण्यापासून पालवी फुटेपर्यंतच्या दिवसांची त्यानें रोज एक चित्र याप्रमाणें जणूं रोजनिशीच लिहिली, असें तेथील एका रखवालदाराच्या आठवणींत आहे. हिंवाळ्यांत खोपटांत बसून तो यांतील निवडक चित्रांवरून मोठे कॅनव्हास रंगवी; ते मात्र फार थोडे, पन्नासांच्या आसपास.

त्यांपैकीं ‘जॅक पाइन’ या १९१६-१७ च्या हिंवाळ्यांतील चित्राचें थोडें अधिक वर्णन केल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. चित्र जवळजवळ चौरस, सुमारें सव्वा मीटर उंच. पुढें खडकाळ कांठ, त्यावर एकटें वांकडें झाड, मागें सरोवर, पलीकडे जांभळ्यानिळ्या टेंकड्या व त्यांच्या घळींत राहिलेलें बर्फ, वर हिरवट पिंवळें सायंकाळचें आकाश. आकाश व पाणी रुंद, आडव्या फटकाऱ्यांनीं भरलेलीं. झाडाच्या फांद्या मात्र खालीं लोंबणाऱ्या, वळणदार. चित्राच्या खालचा तांबडा रंग ठिकठिकाणीं फटींतून डोकावतो व सबंध शांततेंत एक ऊब ठेवतो. ठसे कोरणाऱ्या कारागिराची सपाट, नेटकी रचना आणि उघड्यावर राहणाऱ्या माणसाचें हवामानाचें ज्ञान यांचा येथें मिलाफ झाला आहे. जॅक पाइन हें झाड लांकूडव्यापाऱ्याच्या दृष्टीनें हलकें. त्याचीं बोंडें राळेनें घट्ट बंद असतात, आणि बहुधा वणव्याच्या आंचेनेंच तीं उघडून बीं पडतें. जळलेल्या भूमीवर प्रथम उभें राहणारें तें झाड आहे. वणवे राखण्याच्या नोकरींत जेथें टॉम्सन होता त्या सरोवराकांठचेंच हें दृश्य आहे. १९१८ सालीं राष्ट्रीय चित्रशाळेनें हें चित्र घेतलें. १९६७ सालीं संघराज्याच्या शतसांवत्सरिक टपालतिकिटांत तें १० सेंटांच्या तिकिटावर छापलें गेलें. हलक्या जातीचें एक झाड अशा रीतीनें राष्ट्राचें चिन्ह झालें.

हें भाग्य पाहण्यास टॉम्सन राहिला नव्हता. ८ जुलै १९१७ रोजीं तो कॅनू लेक या सरोवरावर होडी घेऊन निघाला, आणि आठ दिवसांनीं, १६ तारखेस, त्याचें प्रेत पाण्यावर आढळलें. त्यास चाळिसावें वर्ष पुरें झालें नव्हतें. अपघातानें बुडून मृत्यु, असा निर्णय झाला; परंतु इतका पट्टीचा नावाडी शांत सरोवरांत बुडेल कसा, या शंकेवर तेव्हांपासून आजपर्यंत तर्कांची मोठी रास पडली आहे. तींत आम्ही भर घालीत नाहीं. चित्रकाराच्या मरणाची कथा त्याच्या चित्रांपुढें उभी राहिली म्हणजे लोक चित्रें पाहण्याचें सोडून देतात, एवढेंच येथें म्हणावेसें वाटतें.

त्याचे मित्र तेव्हां महायुद्धानें विखुरलेले होते. जॅक्सन सैन्यांत शिरून १९१६ सालीं जखमी झाला होता. पुढें त्यास व व्हार्लीस रणभूमीचीं चित्रें काढण्याचें काम मिळालें. तोफांनीं मोडलेलीं झाडें पाहून आलेल्या या डोळ्यांस मायदेशच्या जळक्या खोडांत निराळाच अर्थ दिसला असल्यास नवल नाहीं. सप्टेंबर १९१८ मध्यें हॅरिस, मॅक्डोनल्ड, जॉन्स्टन व डॉ. मॅक्कॅलम हे सुपीरियर सरोवराजवळील अल्गोमा प्रदेशांत गेले. त्यांनीं लोहमार्गाचा एक मालडबा मिळविला, त्यांत झोंपण्याच्या फळ्या व शेगडी बसविली. आगगाडी तो डबा नेऊन एखाद्या आडबाजूच्या रुळावर सोडी, आणि तेथून ते पायीं व होडींतून चोहोंकडे जात. मॅक्डोनल्डचें ‘गंभीर भूमि’ हें १९२१ सालचें भव्य चित्र याच यात्रांचें फळ होय. १९२० च्या मे महिन्यांत टोरोंटोच्या चित्रशाळेंत हॅरिस, जॅक्सन, मॅक्डोनल्ड, लिस्मर, व्हार्ली, कार्माइकेल व जॉन्स्टन यांनीं ‘सातांचा गट’ या नांवानें पहिलें प्रदर्शन भरविलें. टॉम्सन आठवा, तो गेलेला असूनही सर्वांच्या पुढें होता.

टीकाकारांनीं या मंडळींची थट्टा कांहीं कमी केली नाहीं. १९१३ सालींच एका टोरोंटोच्या पत्रकारानें त्यांच्या जाड रंगास उद्देशून ‘गरम लापशीचा संप्रदाय’ असें नांव ठेविलें होतें. १९१६ सालीं मॅक्डोनल्डच्या ‘गुंतलेली बाग’ या चित्रावर इतका गहजब झाला कीं, त्या सौम्य माणसास वर्तमानपत्रांतून उत्तर द्यावें लागलें. पुढें १९२४ सालीं लंडनजवळ वेंब्ली येथें साम्राज्याचें प्रदर्शन भरलें. राष्ट्रीय चित्रशाळेनें तेथें या चित्रकारांस ठळक स्थान दिलें. जुन्या वळणाच्या अकादमीनें निषेध केला. आणि इंग्रज टीकाकारांनीं याच चित्रांची वाखाणणी केली. लंडनच्या टेट चित्रशाळेनें जॅक्सनचें हॅलिफॅक्स बंदराचें चित्र विकतही घेतलें. मग घरच्या लोकांस आपली भूमि सुंदर दिसूं लागली! आपल्या घरच्या गुणांस परक्याच्या शिफारसपत्रावांचून किंमत न देण्याची ही रीत आमच्याही वाचकांस अपरिचित नसावी.

या गटांतील हॅरिसची वाट पुढें फार वेगळ्या दिशेनें गेली. १९२१ पासून तो सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर जाऊं लागला, आणि १९३० सालीं जॅक्सनबरोबर ध्रुवप्रदेशांत जाऊन आला. त्याच्या चित्रांतून एकेक वस्तु गळत गेली: प्रथम पानें गेलीं, मग फांद्या गेल्या, शेवटीं निळें-पांढरें हिम, उघडा पर्वत आणि वरून उतरणारा प्रकाश एवढेंच उरलें. या वैराग्याचें एक कारण आमच्या ओळखीचें आहे. हॅरिस थिऑसफीचा निष्ठावंत अनुयायी होता. थिऑसफीचे संस्थापक १८७९ सालीं मुंबईस उतरले व १८८२ अखेर मद्रासजवळ अड्यार येथें जाईपर्यंत त्यांचें मुख्य ठाणें मुंबईंतच होतें. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें ज्या मताविषयीं दिवाणखान्यांत वाद घातले त्याचाच एक धागा कॅनडाच्या हिमशिखरांच्या चित्रांत सांपडावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग होय. मात्र टॉम्सनचें वांकडें झाड आम्हांस हॅरिसच्या शिखरांहून जवळचें वाटतें. एक त्या भूमीवर राहिलेल्या माणसाचें आहे. दुसरें तिच्यावरून वर पाहणाऱ्याचें आहे.

आतां त्या अवघड प्रश्नाकडे वळूं. या चित्रांवरून जगाची अशी समजूत झाली कीं, कॅनडाचें अरण्य म्हणजे मनुष्याचा स्पर्श न झालेली निर्जन भूमि. ही समजूत दोन्ही बाजूंनीं खोटी आहे. एक तर अल्गॉन्क्विनचें अरण्य टॉम्सनच्या कितीतरी आधीं कुऱ्हाडीखालीं गेलें होतें. एकोणिसाव्या शतकांत तेथील थोर पाइन वृक्ष तोडून नद्यांतून वाहून नेण्यांत आले. ओंडके तरंगविण्यासाठीं बांध घातले गेले व त्यांच्या पाण्यांत कांठचीं झाडें उभीं मेलीं. शतकाच्या अखेरीस लांकूडवाल्या बूथचा लोहमार्गही त्यांतून गेला. उद्यान झाल्यावरही तोड थांबली नाहीं. त्याच्या कांहीं भागांत ती नियमांनीं बांधून आजही चालते. दुसरें असें कीं, ज्या लोकांचें नांव उद्यानास दिलें त्या लोकांस त्यांच्या भूमीविषयीं कोणी विचारलें नव्हतें. ऑन्टारियोच्या अल्गॉन्क्विन लोकांचा हक्काचा दावा सुमारें ३६,००० चौरस किलोमीटर भूमीविषयीं आहे, त्या भूमींत या उद्यानाचा मोठा भाग येतो, आणि त्याविषयींचा तत्त्वतः करार होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. चित्रकार त्यांच्याच कॅनूंत बसून हिंडले. परंतु त्यांच्या चित्रांत हे लोक जवळजवळ नाहींत. पश्चिम किनाऱ्यावरील एमिली कार या चित्रकर्त्रीनें मूळ लोकांचीं गांवें व कोरीव स्तंभ यांचीं चित्रें फार पूर्वींच काढलीं होतीं. १९२७ सालीं ओटावा येथील प्रदर्शनाच्या निमित्तानें ती या गटास भेटली व तिला नवा उत्साह मिळाला. तेव्हां सातांच्या दृष्टींत काय राहून गेलें होतें हें त्यांच्याच काळांत दिसण्यासारखें होतें.

मग या चित्रांस खोटीं म्हणावयाचें काय? आमच्या मतें येथें चित्रकार व त्याचे पूजक यांत भेद केला पाहिजे. टॉम्सननें बांध काढले, नदींतून ओंडके हांकणारे मजूर काढले, वणव्यानें काळे पडलेले डोंगर काढले. तो स्वतः तेथें मजुरी करणारा होता. अरण्य हें काम करण्याचें ठिकाण आहे हें त्यास ठाऊक होतें. ‘निर्मनुष्य पवित्र भूमि’ ही कल्पना बहुतांशीं मागाहून आली; शहरांतील लोकांस ती हवी होती, आणि नव्या राष्ट्रास ती सोयीची होती, कारण भूमि निर्जन म्हटली कीं तिचा पूर्वीचा मालक कोण हा प्रश्न उठत नाहीं. तथापि जें चित्रकारानें काढलें नाहीं त्याची जबाबदारी सर्वस्वीं पूजकांवर टाकणेंही बरोबर होणार नाहीं. मॅक्डोनल्ड १९३२ सालीं वारला, पुढील वर्षीं गट विसर्जित झाला. त्यांचें यश मात्र इतकें पूर्ण ठरलें कीं, पुढच्या पिढ्यांस ती भूमि त्यांच्याच डोळ्यांनीं दिसूं लागली. ज्या कलेनें जुनी डोळेझांक घालविली तीच कला कालांतरानें नवी डोळेझांक होऊं शकते.

म्हणून या इतिहासांतून आम्हांस दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. आपल्या भूमीचें चित्र काढावयाचें तर तिच्यांत राहिलें पाहिजे. तिचा चिखल, तिचे डांस, तिची थंडी अंगावर घेतली पाहिजे. दिवाणखान्यांतील चित्रांवरून काढलेला देखावा कितीही गोड असला तरी उसना राहतो. दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण आहे. भूमि पाहतांना तिच्यावर आधींपासून कोण राहत आलें, कोणाच्या होडींतून आपण येथवर आलों, हेंही पाहिलें पाहिजे. टॉम्सननें पहिली गोष्ट आपल्या अल्प आयुष्यांत पुरी केली. दुसरी पुरी करण्याचें काम कॅनडाच्या पुढील चित्रकारांकडे आलें. आणि आपापल्या देशाच्या बाबतींत तें आपणां सर्वांकडेच आहे.